वर्दी एक, हद्दी अनेक

७ फेब्रुवारी १९०४, रविवारची सकाळ. बाल्टिमोरच्या व्यापारी पेठेत हर्स्ट कंपनीच्या इमारतीला आग लागली आणि बघता बघता ती शहराच्या अग्निशमन दलाच्या आवाक्याबाहेर गेली. शेजारच्या शहरांना तारा गेल्या. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेच्या वाघिणींवर चढवून रवाना झाले, मागोमाग फिलाडेल्फियाहून आले, न्यूयॉर्कहूनही आले. माणसे पोहोचली, इंजिने पोहोचली, आणि रस्त्यावरच्या हायड्रंटला नळी जोडायला गेल्यावर कळले की आटे जुळत नाहीत. ज्या त्या शहराने आपल्या मापाचे हायड्रंट बसवले होते आणि आपल्या मापाच्या नळ्या घेतल्या होत्या. सांध्याला कॅनव्हास गुंडाळून पाहिला, पण पाणी सांध्यातूनच उडून जाऊ लागले. मदतीला आलेल्या कित्येक जवानांना हातात नळी असूनही काही करता आले नाही. ही आग सुमारे तीस तास चालली आणि दीड हजारांवर इमारती तिने गिळल्या.

दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर जोडणीचे एक प्रमाण माप ठरवले गेले. ते सक्तीचे नव्हते, त्यामुळे शहरांनी ते सावकाश आणि आपल्या सवडीने स्वीकारले. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि शेजारच्या गावांचे बंब धावत आले, तेव्हा ओकलंडच्या हायड्रंटची तोंडे तीन इंचांची आणि पाहुण्यांच्या नळ्या अडीच इंचांच्या निघाल्या. त्या वणव्यात २५ माणसे दगावली. बाल्टिमोरला तेव्हा सत्याऐंशी वर्षे झाली होती.

नळीचा आटा निदान डोळ्यांना दिसतो. संकटात सापडलेल्या माणसाचा फोन जिथे वाजतो आणि जिथून गाडी सुटते, त्या दोन टोकांमधला सांधा कुणाला दिसत नाही. तो जुळला नाही तर बाहेरच्या माणसाला एवढेच जाणवते की मदत उशिरा आली. अमेरिकेत शेजारी-शेजारी वसलेल्या शहरांनी आपापले आपत्कालीन नियंत्रण कक्ष एकत्र करावेत की स्वतंत्र ठेवावेत, हा वाद गेली पन्नास वर्षे नगरपालिकांच्या सभागृहांतून चालला आहे. त्या देशात असे सुमारे सहा हजार कक्ष आहेत. काही एका संपूर्ण महानगराचे, तर काही पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या मांडून चालवलेले. इतके कक्ष का झाले, हे समजल्याशिवाय ते एकत्र करणे इतके अवघड का, हे उमगत नाही.

सुरुवात बॉस्टनमध्ये झाली. तिथे १८५२ च्या एप्रिलमध्ये विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी उभारलेली आगीची तारयंत्रणा सुरू झाली. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी पेटी होती. तिच्यातली दांडी फिरवली की पेटीचा क्रमांक तारेने मध्यवर्ती कचेरीत उमटायचा आणि तिथून घंटा वाजवून बंबांना वर्दी जायची. पुढच्या काही दशकांत ही पद्धत देशभर पसरली. पण ती पसरली शहरागणिक. तारा शहराच्या, पेट्या शहराच्या, आणि क्रमांकही शहराने आपल्यापुरते दिलेले. हद्द संपली की तार संपायची. अग्निशमन दल हा तिथल्या गावाच्या अभिमानाचा विषय होता आणि आजही आहे. गावाने वर्गणी काढून बंब घेतलेला असतो, आजोबा-पणजोबा त्या दलात स्वयंसेवक असतात. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींना रेडिओवरून हुकूम द्यायला सुरुवात केली आणि पाच वर्षांनी न्यू जर्सीतल्या बेयोन गावाने दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ वापरात आणला. ही यंत्रणाही शहराशहराने आपापली घेतली.

या सगळ्यावर एक उपाय तेव्हा होता आणि त्याची नोंद इतिहासात फारशी कुणी ठेवलेली नाही. तो म्हणजे टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसलेली ऑपरेटर. रिसीव्हर उचलून ‘आग लागलीय’ एवढे म्हटले की पुढचे ती बघायची. लहान गावात तिला डॉक्टर या वेळी कुणाच्या घरी असेल हे ठाऊक असायचे, कुठला रस्ता कुठल्या दलाच्या वाट्याचा हे तोंडपाठ असायचे, आणि कित्येक ठिकाणी गावचा भोंगा वाजवण्याचे कामही तिच्याकडेच असायचे. पोलीस, बंब आणि दवाखाना यांचा एकत्रित कक्ष म्हणजे ती एक बाई होती. विसाव्या शतकाच्या मध्याला डायलचे फोन सर्वत्र आले, ऑपरेटर मधून गेली, आणि हद्दी लक्षात ठेवण्याचे काम घाबरलेल्या नागरिकावर येऊन पडले. आपण उभे आहोत तो रस्ता कोणत्या गावाचा, त्या गावच्या पोलिसांचा नंबर काय, बंबाचा काय, हे त्याला आगीच्या धुरात आठवायचे होते.

लंडनने हा प्रश्न आधीच ओळखला होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवरच्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. समोरच्या घरातून फोन करणारा गृहस्थ एक्सचेंजच्या रांगेत ताटकळत राहिला होता, आणि त्याने संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. त्यातून चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला ९९९ हा क्रमांक लंडनमध्ये सुरू झाला.

अमेरिकेला आणखी तीस वर्षे लागली. अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने १९५७ मध्ये एकाच क्रमांकाची मागणी केली. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने तीच शिफारस केली. इंडियानाचे काँग्रेस सदस्य एडवर्ड राउश यांनी हा विषय लावून धरला, आणि जानेवारी १९६८ मध्ये ‘एटी अँड टी’ने ९११ हा क्रमांक जाहीर केला. ती बातमी वाचून अलाबामा टेलिफोन कंपनी या एका लहान स्वतंत्र कंपनीच्या प्रमुखांनी ठरवले की पहिला मान आपण मिळवायचा. त्यांनी हेलीव्हिल हे गाव निवडले. १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामा विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी तिथून ९११ फिरवला आणि पोलीस चौकीत ठेवलेल्या लाल फोनवर काँग्रेस सदस्य टॉम बेव्हिल यांनी तो उचलला. एवढ्या झपाट्याने हे जमले, कारण जोडायचे फार नव्हते: गाव लहान, एक्सचेंज एक, चौकी एक.

महानगरांच्या भोवती ते इतके सरळ नव्हते. टेलिफोन कंपनीने एक्सचेंजचे क्षेत्र तारा कशा ओढायच्या यावरून आखले होते, आणि गावांच्या हद्दी नदी, जुन्या शेतांच्या सीमा नि निवडणुकीचे राजकारण यांतून ठरल्या होत्या. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर जुळत नसत. एका एक्सचेंजखाली चार गावे, तर एक गाव तीन एक्सचेंजमध्ये वाटलेले. मग ९११ फिरवल्यावर फोन वाजायचा कुठे? या एका प्रश्नावर गावागावांच्या बैठका फिसकटत राहिल्या. १९७६ पर्यंत जेमतेम १७ टक्के अमेरिकन लोकांना हा क्रमांक उपलब्ध होता, आणि निम्म्या लोकसंख्येपर्यंत पोहोचायला १९८७ साल उजाडले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, फोनच्या पत्त्यावरून कॉल योग्य कक्षाकडे वळवण्याचे तंत्र आजमावले गेले. त्याने पेच सुटला, पण एक गोष्ट कायमची झाली: प्रत्येक गावाला आता आपला कक्ष ठेवणे परवडू लागले. तंत्राने हद्दींना बळ दिले.

काही शहरांनी मात्र वेगळा विचार केला, आणि तो संकट कोसळायच्या आधी केला, म्हणून त्यांचे कौतुक अधिक. सिएटलच्या दक्षिणेला ग्रीन नदीच्या खोऱ्यात रेंटन, केंट, ऑबर्न आणि टकविला ही चार शहरे एकमेकांना लगटून आहेत. बोइंगचे कारखाने, गोदामे, हमरस्ते. एका शहराच्या चौकातून निघालेली मोटार पाच मिनिटांत तिसऱ्या शहरात पोहोचते. १९७६ मध्ये या चार शहरांच्या महापौरांनी करार करून ‘व्हॅली कम्युनिकेशन्स सेंटर’ स्थापन केले. नवी संस्था कोणा एका शहराचा विभाग नव्हती, ती चौघांची होती. कारभाराला चौघांचे मंडळ आणि खर्चात चौघांचा वाटा. पुढे फेडरल वे हे शहरही तीत सामील झाले. सुमारे अर्धशतक झाले तरी हा कक्ष चालू आहे.

त्याच सुमाराला ॲरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स, टेंपी आणि ग्लेनडेल यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी ठरवले की आगीला हद्द नसते, तेव्हा बंबालाही ती नको. वर्दी आली की संगणक सर्वांत जवळची गाडी शोधेल, मग ती कोणत्याही शहराची असो, आणि तीच जाईल. कुणाची परवानगी मागायची नाही, नंतर बिल पाठवायचे नाही. ऐकायला हे सोपे वाटते. पण याचा अर्थ असा की टेंपीच्या करदात्याच्या पैशाने घेतलेला बंब फिनिक्समधले घर विझवत असताना टेंपीच्या दुसऱ्या वर्दीला ग्लेनडेल किंवा फिनिक्सची गाडी येणार, आणि टेंपीच्या नगरसेवकाने हे मतदाराला समजावायचे. त्यासाठी आधी बारीकसारीक गोष्टी सारख्या कराव्या लागल्या. रेडिओ एक, बोलण्याची भाषा एक, शिडी लावण्याची नि नळी ओढण्याची पद्धत एक, अधिकाऱ्यांचे अधिकार एक. केंद्रांचे क्रमांकसुद्धा संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र ठरवले, म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या रेडिओवर कधी येऊ नयेत. टेंपीची केंद्रे म्हणूनच २७० च्या मालिकेत आहेत. १९७८ पासून फिनिक्सच्या अग्निशमन दलाचे प्रमुख असलेल्या ॲलन ब्रुनासिनी यांनी ही शिस्त जोपासली, आणि पुढे आसपासची वीसहून अधिक गावे या व्यवस्थेत आली. या पन्नास वर्षांत एवढे मनापासून केलेले काम दुसरे क्वचितच सापडेल.

मग मोबाइल आला आणि जुनी आखणी पुन्हा कोलमडली. घरच्या फोनला पत्ता असतो, मोबाइलला टॉवर असतो. टॉवरला गावाची वेस कळत नाही. वेशीजवळ अपघात झाला तर अलीकडच्या माणसाचा फोन पलीकडच्या कक्षात वाजू शकतो. १९९६ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांना ९११ चे कॉल आणि फोन करणाऱ्याचे ठिकाण कळवण्याचे बंधन घातले, तरी वेशीवरचा गोंधळ उरलाच. आज बहुतेक भागांत ९११ वरचे ८० टक्के किंवा त्याहून जास्त कॉल मोबाइलवरून येतात. चुकीच्या कक्षात वाजलेला फोन वळवावा लागतो. पहिला कर्मचारी विचारतो: कुठे, काय झाले? मग म्हणतो: थांबा, जोडून देतो. पुन्हा घंटी. दुसरा कर्मचारी पुन्हा विचारतो: कुठे, काय झाले? ज्याचा बाप जमिनीवर निपचित पडला आहे त्याने हे दोनदा सांगायचे.

नगरपालिका एकत्रीकरणाचा विषय सभेपुढे आणतात तेव्हा मात्र बोलणे बहुधा पैशांपासून सुरू होते. त्यामागचे गणित खरे आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४० तास काम करतो. म्हणजे एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवायला चारहून जास्त माणसे हवीत. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर पाच-साडेपाच. दोन खुर्च्यांच्या छोट्या कक्षाला दहा-अकरा माणसे लागतात, आणि तरीही रात्री अडीच वाजता एक जण चहाला उठला की उरतो एकच. त्याच वेळी हृदय थांबलेल्या माणसाचा फोन आला तर? १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीतल्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी वैद्यकीय वर्दी घेण्याची प्रश्नावली बसवली. तेव्हापासून फोन घेणाऱ्याने गाडी पाठवून थांबायचे नसते; रुग्णवाहिका दारात येईपर्यंत छाती कशी दाबायची हे फोनवर सांगत राहायचे असते. एकटा कर्मचारी ते करत बसला तर दुसरी घंटी कोण उचलणार? छोट्या कक्षांच्या विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा हा आहे, आणि तो पैशांचा नाही.

उलट बाजूचे लोकही उगाच भांडतात असे नाही. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गावच्या चौकीतला रात्रपाळीचा कर्मचारी फक्त फोन घेत नाही. कोठडीतल्या कैद्यावर लक्ष ठेवतो, हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीला दार उघडतो, वॉरंटचे कागद शोधून देतो. कक्ष वीस मैलांवर गेला की चौकीत रात्री अंधार होतो, नाहीतर दारासाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. शिवाय ठिकाणांचे ज्ञान. ‘जुन्या गिरणीमागे’ म्हटल्यावर गावच्या माणसाला लगेच कळते; संगणकाच्या नकाशात ती गिरणी नसतेच. राजधानी वॉशिंग्टनने २००४ मध्ये पोलीस आणि अग्निशमन यांच्या वर्द्या एका कार्यालयाखाली आणल्या. शहराचे चार भाग, आणि एकाच नावाचा रस्ता वेगवेगळ्या भागांत. चुकीच्या पत्त्यावर गाडी गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या, आणि २०२१ च्या लेखापरीक्षणात हे कार्यालय राष्ट्रीय मानकांपेक्षा कमी पडते असे नोंदवले गेले. कक्ष मोठा केला की चुकाही सुधारतात, हा समज खोटा ठरवायला एवढे उदाहरण पुरे.

तरीही वेगळे राहण्याची किंमत काय असते, हे दोन शाळांनी दाखवले. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीत कोलंबाइन शाळेवर हल्ला झाला. चहूकडून पोलीस धावले, आणि त्यांचे रेडिओ एकमेकांशी बोलू शकत नव्हते. गव्हर्नरांच्या चौकशी आयोगाने यावर स्पष्ट बोट ठेवले. त्याच काउंटीतल्या शहरांचे नि अग्निशमन जिल्ह्यांचे वेगवेगळे कक्ष ‘जेफकॉम’ या एका कक्षात एकत्र आले ते २०१८ मध्ये. मधली एकोणीस वर्षे अभ्यास, समित्या आणि करारांत गेली.

दुसरी शाळा फ्लोरिडातल्या पार्कलंडची. तिची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथे एकत्रीकरण झाले होते आणि अर्धवट राहिले होते.

ब्रॉवर्ड काउंटीत ३१ गावे-शहरे आहेत. २००२ मध्ये तिथल्या मतदारांनी काउंटीच्या सनदेत दुरुस्ती करून एक प्रादेशिक व्यवस्था मागितली: सर्वांत जवळची गाडी जाईल, हद्द आड येणार नाही. ती प्रत्यक्षात यायला बारा वर्षे लागली. २०१४ पर्यंत बहुतेक गावे काउंटीच्या कक्षांत आली, तेव्हा सुरुवातीला कॉल तुटल्याच्या, उशिराच्या तक्रारी झाल्या. कोरल स्प्रिंग्स आणि प्लांटेशन ही दोन शहरे बाहेर राहिली. आपला कक्ष आपण चांगला चालवतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते निराधार नव्हते. पार्कलंड हे कोरल स्प्रिंग्सच्या शेजारचे छोटे गाव. त्याचे स्वतःचे पोलीस दल नव्हते, अग्निशमन दलही नव्हते. पोलिसांसाठी त्याने काउंटीच्या पोलीसप्रमुखाशी, म्हणजे शेरीफशी, करार केलेला, बंब आणि रुग्णवाहिकेसाठी कोरल स्प्रिंग्सशी. दोन्ही करार स्वतंत्रपणे पाहिले तर शहाणपणाचे. पण परिणाम असा की पार्कलंडमधून मोबाइलवरून केलेला ९११ कोरल स्प्रिंग्सच्या कक्षात वाजायचा, आणि गोळीबाराला जाणारे शेरीफचे पोलीस काउंटीच्या कक्षाच्या रेडिओवर असायचे.

१४ फेब्रुवारी २०१८ ला मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका माजी विद्यार्थ्याने चार मिनिटांच्या आत १७ जणांना ठार केले आणि तितक्याच जणांना जखमी केले. वर्गांतून मुले दबक्या आवाजात मोबाइलवर बोलत होती. ते फोन कोरल स्प्रिंग्समध्ये वाजत होते. तिथले कर्मचारी काय ऐकत होते ते शाळेच्या आवारात पोहोचलेल्या शेरीफच्या पोलिसांना थेट कळत नव्हते. माहिती एका कक्षाकडून दुसऱ्या कक्षाकडे फोनने जात होती. कोरल स्प्रिंग्सचे पोलीस आपल्या रेडिओवर, शेरीफचे आपल्या. दोन्ही वाहिन्या जोडण्याचा प्रयत्न झाला तो फसला. काउंटीची रेडिओ यंत्रणा जुनी होती, भार वाढताच ती अडू लागली. राज्याने नेमलेल्या आयोगाने जानेवारी २०१९ च्या अहवालात हा सारा घटनाक्रम मांडला. त्या दिवशीच्या दोषांची यादी मोठी आहे आणि त्यात माणसांचे दोष अधिक ठळक आहेत. एकच कक्ष असता तर सगळे वाचले असते असे कुणी म्हणू नये. पण ज्या मुलाने फोन केला आणि ज्या पोलिसाला ते ऐकायला हवे होते, त्यांच्या मधली भिंत दोन नगरसभांनी आधीच, शांतपणे, अर्थसंकल्पाच्या बैठकांत बांधलेली होती.

शेजारी शहरे हा निर्णय करायला बसतात तेव्हा त्यांच्यापुढे साधारण चार वाटा असतात. लहान शहर मोठ्या शेजाऱ्याला पैसे देऊन काम सोपवते. किंवा काउंटी सगळ्यांचा कक्ष चालवते. किंवा सगळे मिळून ग्रीन नदीच्या खोऱ्यातल्यासारखी समाईक संस्था काढतात. किंवा खोल्या वेगळ्या ठेवून संगणक, फोन आणि रेडिओ तेवढे एक करतात, म्हणजे कुठल्याही खोलीत फोन वाजला तरी सर्वांना एकच वर्दी दिसते. पहिली वाट सर्वांत लवकर चालता येते आणि सर्वांत लवकर मोडते, कारण पैसे देणारे शहर गिऱ्हाईक होते. दर वाढले की त्याला सोडून जाण्याशिवाय म्हणणे मांडण्याची जागा नसते. समाईक संस्थेला वेळ लागतो. पगारश्रेणी जुळवायच्या, निवृत्तिवेतनाचे हिशेब लावायचे, मतांचे वजन ठरवायचे. मोठ्या शहराला जास्त मते दिली तर लहान बिथरते, सारखी दिली तर मोठे. पण एकदा बसलेली घडी तिथेच टिकलेली दिसते. वॉशिंग्टन राज्यातच सिएटलच्या उत्तरेला स्नोहोमिश काउंटीत ‘स्नोकॉम’ आणि ‘स्नोपॅक’ हे दोन समाईक कक्ष अनेक दशके शेजारी-शेजारी चालले, एकमेकांकडे कॉल वळवत राहिले, आणि १ जानेवारी २०१८ ला एक झाले. तिथे चर्चेला वळण मिळाले ते वळवलेल्या कॉलच्या संख्येमुळे. बचतीच्या कोष्टकांपेक्षा हा आकडा लोकांना लवकर समजतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या दिशेने आला. २०१२ च्या दिल्लीतील बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, देशभर एकच क्रमांक हवा ही मागणी जोर धरू लागली, आणि २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ११२ ची शिफारस केली. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. राज्यभरातले फोन नवी मुंबई आणि नागपूर इथल्या दोन केंद्रांत घेतले जातात आणि तिथून संबंधित जिल्ह्याच्या वा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जातात. गाडी तिथून सुटते. रुग्णवाहिकांचे त्याआधीच झाले होते: २६ जानेवारी २०१४ पासून १०८ ची सेवा राज्यभर ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिचा कक्ष पुण्यात आहे. अमेरिकन शहरांनी पन्नास वर्षे ज्यावर वाद घातला ते फोन घेण्याचे काम इथे राज्याच्या पातळीवरच एकत्र झाले.

अग्निशमन दले मात्र शहराशहराची राहिली. मुंबई महानगर प्रदेशात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत, शिवाय एमआयडीसी आणि सिडकोचे बंब वेगळे. पुण्यात महापालिकेचे दल वेगळे, पिंपरी-चिंचवडचे वेगळे, पीएमआरडीएचे वेगळे. मोठ्या आगीला शेजारच्या पालिकेचे बंब येतात, आणि जवान जीव तोडून काम करतात. पण ते बोलावल्यावर येतात. फिनिक्सच्या खोऱ्यातल्यासारखे पहिल्या वर्दीलाच, सर्वांत जवळचे म्हणून, आपोआप निघत नाहीत. मुलुंड आणि ठाणे, दहिसर आणि मीरा रोड, औंध आणि सांगवी इथे हद्द म्हणजे एक नाका किंवा एक पूल आहे.

या वेशींवर राहणाऱ्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: माझ्या इमारतीला सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र कोणत्या पालिकेचे आहे, आणि तिथला बंब पहिल्या वर्दीला निघतो की दुसऱ्या?